भिंत नंतर बांधा, आधी पाण्याला वाट द्या

पोस्ट मोठी आहे. ज्यांचं घर उतारावर आहे, ज्यांच्या मागीलदारी डोंगर कापलेला आहे आणि जे या मे महिन्यात गावी येऊन जेसीबी लावायच्या बेतात आहेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी वाचली तरी चालेल.

येत्या १ मेच्या ग्रामसभेत आमच्या वाडीच्या "संरक्षक भिंती"चा विषय आहे. गेल्या वर्षी वाडीच्या वरून जाणारा रस्ता रुंद केला. त्यासाठी वरच्या अंगाचा डोंगर उभा कापला आणि निघालेली माती खालच्या अंगाला लोटून दिली. खालच्या अंगाला म्हणजे आमच्या घरांच्या डोक्यावर. आता ती सैल माती सरकायला लागली, म्हणून तिला धरायला भिंत. मंजुरी जवळजवळ झालेली आहे. मी त्या भिंतीला आत्ता आहे त्या स्वरूपात विरोध करणार आहे.

परवा नाक्यावर एकाने विचारलं, "तुला वाडी वाचायला नको काय रे?" तिथे उत्तर दिलं नाही, कारण उत्तर लांब आहे. ते इथे देतो.

आधी माझं स्वतःचं पाप सांगतो, म्हणजे "दुसऱ्याला शहाणपण शिकवतो" असं कोणी म्हणायला नको.

२०१८ ला आम्ही जुनं घर पाडून नवीन बांधलं. मागीलदारी उतार होता. आजोबांच्या वेळचे तीन गडगे होते, सुक्या चिऱ्यांचे, कंबरेएवढे. मधल्या पायऱ्यांवर केळी, अळू, हळद, वरच्या टोकाला काजू. मला ते सगळं पडकं दिसायचं. गणपतीला मुंबईची मंडळी येतात, गाड्या लावायला जागा नाही, चार माणसं बसायला अंगण नाही. म्हटलं सपाट करून टाकू. जेसीबी आला, दीड दिवसात तिन्ही गडगे, केळी, काजू साफ. पंधरा फूट सपाट जागा मिळाली आणि मागे अकरा फुटांची उभी कड राहिली. निघालेली माती ठेकेदारानेच नेली. मला वाटलं फायदाच झाला.

मग भिंत. दहा फूट उंच, चाळीस फूट लांब, सिमेंटात पक्की लावलेले चिरे, वरून गिलावा, रंग. खाली पेव्हर ब्लॉक. भिंतीत पाणी जायला भोकं ठेवायची का, असं मी विचारलं होतं, हे मला नीट आठवतं. ठेकेदार म्हणाला, "भोकं ठेवली की लाल पाणी गळत राहतं, भिंत घाण दिसते." मलाही ते पटलं. फोटो चांगले आले होते.

वाडीत एक म्हातारबा आहेत. आयुष्यभर गडगे घातले. ते भिंत बघायला आले, हात लावून बघितला आणि म्हणाले, "भित घट केलंस बाबा, पन पान्यानं जायाचं कुटं?" मी हसलो.

२२ जुलै २०२१. चिपळूण पाण्याखाली गेलं तो दिवस. महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली तो दिवस. त्याच पावसात, पहाटे चारच्या सुमाराला, आमची भिंत आली. चाळीस फुटांतली पंचवीस फूट एकदम आली. स्वयंपाकघराची मागची भिंत फोडून चिरे ओट्यापर्यंत पोचले. आई रोज पाचला उठून तिथे चहा ठेवते. एका तासाचा फरक. एवढंच सांगतो, जास्त लिहवत नाही.

उजाडल्यावर बघितलं तर चिरे फुटलेले नव्हते, सिमेंट सुटलेलं नव्हतं. भिंत मोडली नव्हती, अख्खी आडवी झाली होती. तिच्यामागची माती पेजेसारखी झालेली आणि कापलेल्या कडेतून पुढे दोन दिवस पाणी झिरपत होतं. भिंत कमजोर नव्हती. तिच्यामागे तलाव साठला होता, आणि तो मीच साठवला होता.

आता थोडा हिशोब, कारण "पाण्याने काय होतंय" असं म्हणणारे बरेच आहेत.

एका गुंठ्यावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर तो साधारण १० हजार लिटर होतो. म्हणजे एक मोठा टँकर. आपल्याकडे १०० मिलिमीटरचा दिवस काही नवलाचा नाही, पावसाळ्यात असे दिवस येतातच. हजार चौरस फुटांच्या घराच्या नुसत्या छपरावरून त्या दिवशी नऊ हजार लिटरच्या वर पाणी उतरतं. वरच्या डोंगराचं तर वेगळंच. ते सगळं पाणी कुठेतरी जाणार. उतरायला वाट मिळाली तर वाटेने, नाही मिळाली तर मातीत.

आता भिंतीकडे या. दहा फूट, म्हणजे तीन मीटर उंच भिंतीमागे कोरडी मुरूम-माती असेल, तर भिंतीच्या दर मीटर लांबीला साधारण पावणेतीन टनांचा रेटा असतो. त्याच मातीत वरपर्यंत पाणी साठलं की रेटा सहा टनांच्या आसपास जातो. दुपटीपेक्षा जास्त. आणि त्यातला साडेचार टन रेटा एकट्या पाण्याचा. माती तीच, भिंत तीच. उन्हाळ्यात ठणठणीत दिसणारी भिंत जुलैत का पडते, त्याचं उत्तर एवढंच आहे. हे कुठलं गुपित नाही, सिव्हिलच्या कुठल्याही विद्यार्थ्याला येतं. म्हणूनच भिंतीमागे खडीचा थर घालायचा असतो आणि दीड-दोन मीटरवर बाहेरच्या बाजूला उतरते पाइप सोडायचे असतात. खर्च किती? भिंतीच्या मानाने किरकोळ.

आपल्याकडची जमीन आणखी एक खोडी करते. वर जांभा, तो जाळीदार, पाणी पितो. त्याच्या खाली पिवळट, गुलाबी, साबणासारखी चिकणमाती. पाणी जांभ्यातून उतरतं, चिकणमातीवर अडतं आणि तिच्यावरून आडवं चालायला लागतं. आपण जेसीबीने कड कापतो तेव्हा बहुतेक वेळा नेमका हाच सांधा उघडा पाडतो. खालचा आधार काढून घेतला, वरून पाणी चालू. मग वरचा डोंगर कशावर उभा राहील?

जुने लोक अडाणी नव्हते. गडगा सुका घालायचे, सिमेंटशिवाय. फटीफटीतून पाणी निघून जायचं. उंची कंबरेएवढी, वरचा भाग किंचित डोंगराकडे कललेला. आणि गडगा बिघडला तर आधी सांगतो. पोट काढतो, एखादा चिरा टाकतो. माणूस दोन दिवसांत नीट करून घेतो. सिमेंटची भिंत सांगत नाही, ती एकदमच येते. उगाच जुन्याचं कौतुक करत नाही. दहा फुटांची कड सुका गडगा धरणार नाही. पण मुळात दहा फुटांची कड कापायची नसते, हेच तर ते सांगत होते.

आता ग्रामसभेच्या विषयाकडे येतो.

मी अंदाजपत्रक मागून बघितलं. त्यात भिंतीची लांबी आहे, उंची आहे, सिमेंट आहे, सळी आहे. रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूचं गटार नाही. भिंतीमागे खडी नाही, पाइप नाहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, रुंदीकरणात बुजलेली जुनी मोरी उघडायची तरतूद नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वरचा पऱ्या त्या मोरीतून रस्त्याखालून जाऊन पलीकडच्या वहाळाला मिळायचा. आता तो पऱ्या रस्त्यावरून वाहतो आणि त्या लोटलेल्या मातीत शिरतो. गेल्या पावसाळ्यात काकीच्या परसात लाल पाणी कुठून आलं, याचं कोडं कोणालाच पडू नये. त्या मातीखाली पहिलं घर तिचं आहे. ती एकटी राहते. तिच्यानंतर तीन घरं.

म्हणजे आपण काय करतोय? सैल मातीत पऱ्या सोडलाय आणि त्याच्यापुढे बिनभोकाची भिंत घालतोय. माझ्या मागीलदारी जे चाळीस फुटांत केलं, तेच वाडीच्या डोक्यावर शेकडो फुटांत करतोय. फरक एवढाच की माझे पैसे माझे होते, हे सरकारचे आहेत.

असं का होतं? स्पष्ट बोलतो. भिंत मोजता येते. लांबी गुणिले उंची गुणिले जाडी, मोजमाप पुस्तिकेत नोंद, बिल पास. भिंतीपुढे फोटो काढता येतो, नावाचा फलक लावता येतो, नारळ फोडता येतो. चराचं उद्घाटन कोणी करत नाही. मोरी साफ केल्याचा फलक तुम्ही कुठे बघितलाय? म्हणून वर्षानुवर्षं आपल्याला भिंती मिळतात आणि पाणी तसंच राहतं. कोणी एक माणूस वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. आपण मागणीच भिंतीची करतो. निवेदनं काढून बघा, प्रत्येक वाडीचं एकच वाक्य: "संरक्षक भिंत मिळावी."

कायद्याचं म्हणाल तर, राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत डोंगराळ भागात एकास पाच किंवा त्याहून तीव्र उताराच्या जमिनीवर खोदाई, सपाटीकरण करायला मनाई आहे. एकास पाच म्हणजे पाच फूट चालल्यावर एक फूट चढ. आपल्या गावातली अर्धी परसं त्यात बसतील. पण जेसीबी येतो तेव्हा कोण विचारतं? विचारणा झालीच तर मातीची होते. मुरूम गौण खनिजात येतो, त्याचं स्वामित्वधन भरलं का, परवाना आहे का, नसेल तर दंड. म्हणजे डोंगरातून काय निघालं त्याचा हिशोब आहे. मागे काय उरलं आणि ते उद्या कोणाच्या घरावर येणार, याचा रकाना कुठल्याच कागदावर नाही.

आता लोक जे आक्षेप घेतात ते एकेक घेतो.

"इर्शाळवाडीत कुठे जेसीबी गेला होता?" बरोबर. १९ जुलै २०२३ च्या रात्री जो डोंगर आला, तिथपर्यंत गाडीरस्तासुद्धा नव्हता. निसर्गतःही दरडी कोसळतात, सगळ्याच आपल्या करणीने येत नाहीत. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये १५१ माणसं गेली, तेव्हा वरच्या उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाची चर्चा झाली, पावसाचीही झाली. कारणं गुंतलेली असतात. पण यातून अर्थ काय काढायचा? डोंगर स्वतःहूनही येऊ शकतो, म्हणून आपण त्याचा पाय कापायचा? आजारी माणसाला आणखी ढकलायचं?

"नकाशात आपलं गाव धोक्यात नाही." भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा दरडींचा नकाशा मीही बघितलाय. तो १:५०,००० प्रमाणाचा आहे. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. त्यात तुमच्या परसातली दहा फुटांची कड कुठे दिसणार? तो नकाशा तालुक्याच्या नियोजनाला आहे, तुमच्या मागीलदाराला नाही.

"शहरात एवढ्या भिंती आहेत, त्या नाही पडत?" पडतात. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्यात पडली, २ जुलै २०१९ ला मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात पडली. चार दिवसांत चाळीसहून अधिक माणसं गेली. दोन्ही ठिकाणी भर पाऊस होता, रात्र होती आणि भिंतीखाली गरिबांच्या झोपड्या होत्या. आणि शहरापर्यंत जायला कशाला हवं, चौपदरीकरणात कापलेल्या परशुराम घाटाने आपल्याला काय काय दाखवलंय ते आठवा.

"मग गरिबाने घर कुठे बांधायचं? सपाट जागा आहे कुणाकडे?" हा प्रश्न खरा आहे आणि त्याला मी नाक मुरडणार नाही. ज्याच्याकडे दोन गुंठे उतारच आहे, तो उतारावरच बांधणार. पण जास्तीत जास्त उभ्या कडा कोणी कापल्यात ते एकदा फिरून बघा. गरिबाचं घर उताराप्रमाणे बसलेलं असतं, जोतं पुढून उंच, मागून ठेंगणं. उभी कड दिसते ती आमच्यासारख्यांच्या मागे, ज्यांना वर्षातून दहा दिवस गाडी लावायची असते, आणि त्या बंगल्यांच्या मागे, ज्यांना डोंगरात लॉन हवं असतं. लॉनची मुळं वीतभर, त्याला रोज पाणी. उताराच्या टोकावर लॉन म्हणजे डोंगराला ओल्या गोधडीत गुंडाळून ठेवणं.

तर मी पुढे काय केलं?

म्हातारबांकडे गेलो. ते "सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाले नाहीत. त्यांच्या आणि ओळखीच्या एका इंजिनिअरच्या सल्ल्याने पुन्हा तीन पायऱ्या घातल्या. प्रत्येक पायरी साडेतीन फूट, मध्ये पाच-सहा फुटांची पट्टी. पाया चांगल्या कठीण थरात, चिरे सुके, मागे खडी, खडीमागे माती अडवायला कापड. सगळ्यात वर, कापलेल्या कडेच्या मागे, एक पक्का चर, तो थेट वहाळात सोडलेला. छपराची पन्हळ पाइपाने त्याच वहाळात. शौचालयाचा शोषखड्डा मागच्या उतारात होता, तो हलवला. बारा महिने आपणच डोंगराच्या पोटात पाणी सोडत होतो, हे आधी डोक्यातच आलं नव्हतं.

पट्ट्यांवर आडव्या ओळीत वाळा लावला. तोच, माठात टाकतो तो. त्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, दोन-तीन मीटर सहज. पावसाच्या सुरुवातीला वीत-वीत अंतरावर लावायचा आणि पहिली दोन वर्षं तिथे कुदळ घालायची नाही. बांबू लावा म्हणून सगळे सांगतात. बांबू माती धरतो, पण वरवरची. कडेच्या अगदी टोकावर मोठं बेट झालं की त्याचं वजन आणि वारा मिळून कडच खाली आणतात. त्याची जागा खालच्या अंगाला.

सपाट जागा अर्धी गेली. गाडी रस्त्यावर लावतो. एका पावसाळ्यात मधल्या गडग्याच्या कोपऱ्याने पोट काढलं, दिवाळीनंतर तेवढा सोडवून परत घातला. बाकी तीनही जागेवर आहेत. आई पहाटे पाचला चहा ठेवते आणि मी झोपू शकतो.

पावसाळा महिनाभरावर आहे. ज्यांच्या मागे कड आहे त्यांनी आत्ता, या आठवड्यात, वर जाऊन बघा. कडेच्या मागे जमिनीला चंद्रकोरीसारखी भेग आहे का? झाडं, खांब पुढे कललेत का? भिंतीने पोट काढलंय का? भेग असेल तर चिकणमातीने ठासून बुजवा, वर ताडपत्री टाका, पाणी आत जाऊ देऊ नका. पावसात दारं-खिडक्या अचानक अडकायला लागल्या, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा थांबलं, तर सामान बघत बसू नका. माणसं, गुरं घेऊन बाहेर पडा आणि खालच्या घरांना उठवा.

आणि ग्रामसभेत मी ज्या मागण्या ठेवणार आहे त्या या:

१. भिंतीच्या आधी, पावसाच्या आधी, बुजलेली मोरी उघडा आणि पऱ्या त्याच्या जुन्या वाटेने वहाळाला मिळवा.
२. रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला पक्कं गटार काढा.
३. काकीच्या घराच्या वर लोटलेली सैल माती जमेल तेवढी उचला. जी माती तिथे राहणारच नाही, तिच्यासाठी भिंत लागणारच नाही.
४. तरीही भिंत लागलीच तर तिच्या अंदाजपत्रकात खडी, पाइप आणि पाया किती खोल हे लिहिलेलं असू द्या, आणि मागची खडी भरताना वाडीतली दोन माणसं समोर उभी असू द्या. माती लोटल्यावर आत काय आहे ते कोणाला दिसत नाही.
५. वाडीत कोणीही डोंगर कापण्याआधी पंचायतीला कळवायचं आणि खालच्या घरवाल्याला विचारायचं, असा ठराव करा. वरच्याने कापायचं आणि खालच्याने मरायचं, हा कुठला न्याय?

पाचव्या मागणीवर सगळ्यात जास्त ओरड होईल, मला माहीत आहे. "माझी जमीन, मी काहीही करीन." जमीन तुझी आहे रे, पाणी तुझं नाही. ते तुझ्या सातबाऱ्यावर थांबत नाही.

मुंबईकरांनो, ग्रामसभेला यायला जमत नसेल तर घरच्यांना पाठवा. त्या दिवशी घरातून एक माणूस आलं पाहिजे. हात वर करायला माणसं नसतील तर ठराव जुनाच होईल, भिंत जुनीच होईल आणि जुलैत आपण सगळे ग्रुपवर हात जोडलेल्या बाहुल्या टाकत बसू.

१ मे, सकाळी १० वाजता, पंचायतीसमोर. मी तिथे माझ्या पडलेल्या भिंतीचे फोटो घेऊन उभा असेन. ज्याला बघायचे आहेत त्याने या.